नलूच्या नावावरचं दुखणं

सुभद्राच्या पायातली चप्पल कुठं गळून पडली ते तिला कळलंच नाही. लालबागच्या बाजारातून सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन ती चिंचपोकळीच्या पुलाशी आली, तेव्हा समोरून येणारी एक म्हातारी म्हणाली, "गो बाय, एक पाय उघडोच कसो?" सुभद्रानं खाली बघितलं. डाव्या पायात काही नव्हतं. अंगठा ठेचला होता, रक्त येत होतं, आणि त्या रक्ताचीही तिला खबर नव्हती. पाटी सावरत ती पुन्हा बाजारापर्यंत गेली. चप्पल मिळाली नाही. मिळणार कशी, मुंबईत पडलेली वस्तू जमिनीला टेकायच्या आत दुसऱ्याची होते.

ही छप्पन सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. द्वैभाषिक राज्य नुकतंच लोकांच्या गळ्यात मारलं होतं. चाळीचाळींतून सभा चालल्या होत्या, आणि सुभद्राचा नवरा दत्ताराम गिरणीतून सुटला की संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामाला जात होता. साळखात्यात आठ तास माग चालवायचा आणि उरलेल्या वेळात महाराष्ट्र आणायचा, असा त्याचा दिवस होता. बायकोच्या पायातली चप्पल गेली हे त्याला चौथ्या दिवशी कळलं.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, आणि त्या खोलीत सुभद्राची खाणावळ. एकोणीस माणसं जेवायला होती. सगळी कुडाळ-कणकवलीकडची, गिरण्यांतली, बायकापोरं गावी ठेवून आलेली. पाळीप्रमाणे पंगती बसायच्या. सकाळी पहिल्या पाळीवाल्यांना भाकरी आणि चहा, अकराला दुसऱ्या पाळीवाल्यांचं जेवण, साडेतीनला पहिली पाळी सुटून आलेल्यांचं, आणि दिवेलागणीला रात्रपाळीवाल्यांचं. या माणसांनी गावी जन्मभर लाल तांदूळ खाल्ला होता, पण मुंबईत त्यांना भात पांढरा लागे. सुभद्रा तो तीन पाण्यांनी धुवायची, शिजवायची, वरचं पाणी गाळून मीठ घालून रात्रपाळीवाल्यांना द्यायची. अशी ती बारा वर्षं उभी होती. तिची धाकटी जाऊ नलू मात्र गिरणीत जायची. दत्तारामचा भाऊ रघु तीन वर्षांपूर्वी टायफॉइडनं गेला, आणि त्याची विधवा सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात लागली. नलू पाळीवरची म्हणून पंगतीच्या माणसांबरोबरच जेवे.

चपलेनंतर हाताचं सुरू झालं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या, मग मुंग्याही गेल्या आणि नुसती बोटं राहिली. पिठात हात घातला की पीठ कळेना. वेळणीतला भात सांडायला लागला. एक दिवस तिनं उकळतं पातेलं फडकं न घेताच उचललं आणि सरळ चालत पंगतीत आणून ठेवलं. वाढायला घेतलं तेव्हा एक तरुण बोर्डर तिच्या हाताकडे बघत राहिला. तळव्याची कातडी उठून आली होती.

"काकी, हात भाजलो तुझो," तो म्हणाला.

"व्हय? माका कळाक नाय."

त्यानं ताटातला भात बाजूला सारला. डोकं दुखतंय म्हणून उठला. पुढल्या सोमवारी तो दुसऱ्या खाणावळीत जेवताना दिसला, आणि त्याच्याबरोबर आपल्यातलेच दोघे होते असं नलूनं येऊन सांगितलं. चाळीच्या नळावर एक शब्द फिरायला लागला. तोंडावर कुणी बोललं नाही. सुभद्रानं घागर लावली की पुढची बाई आपली घागर विसळून घ्यायची, एवढंच. शब्द होता रगतपिती, म्हणजे महारोग.

आता खाणावळवाल्या बाईला हा शब्द चिकटला की संपलं. लुळी असती तर चाललं असतं, आंधळी असती तरी हातचं खाल्लं असतं कुणीतरी. सुभद्राला हे पक्कं ठाऊक होतं. रोग आहे की नाही, असला तर कोणता, हे तिला कुणीतरी शिकलेल्या माणसानं सांगायला हवं होतं, आणि नुसतं सांगून भागणार नव्हतं, ते पंगतीच्या माणसांना दाखवता येईल असं कागदावर हवं होतं.

दत्तारामनं गावी गुरवाला पत्र घातलं. गुरवाचा अंगारा आला आणि बरोबर निरोप आला की सोमवार धर, शनिवार धर, संकष्टी चुकवू नको. गुरुवार ती आधीच करत होती. तिनं सगळे धरले. देवाला काय, उपाशी बाई बरी दिसते.

मग मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी ती सातला जाऊन उभी राहिली. साडेनऊला तिची पाळी आली. एका मोठ्या डॉक्टरभोवती दहा-बारा शिकाऊ पोरं उभी होती. तिला स्टुलावर बसवलं. डोळे बंद करायला सांगितलं. कुणी टाचणी टोचली, कुणी कापूस फिरवला, कुणी कोपराच्या मागची नस चाचपली आणि मग ती चाचपायला सगळ्यांची रांग लागली. इंग्रजीत बोलणं चाललं होतं. तिच्याशी कुणी बोललं नाही. शेवटी लुगड्याचा ओचा पायावरून वर घ्यायला सांगितला आणि एका पोरानं गुडघ्याखाली हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. सगळ्यांना आनंद झाला.

"काय झाला माका?" तिनं विचारलं.

"नसांच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. ते मंगळवारी असतात," नर्स म्हणाली, आणि तांबडं औषध देऊन तिला बाहेर काढलं.

पहिल्या मंगळवारी हरताळ होता. दुसऱ्या मंगळवारी तिचा नंबर लागायच्या आत अकराची पंगत आली आणि तिला पळावं लागलं. तिसऱ्या मंगळवारी ती पंगत नलूच्या ओळखीच्या बाईवर टाकून थांबली, तर साहेब रजेवर गेले होते. गिरगावात एक नसांचा खाजगी डॉक्टर आहे असं कळलं, तर ट्रामनं तिकडे गेली. तिथल्या कंपाउंडरनं तिला पायरीवरच विचारलं, "फी माहीत आहे ना? आणि पाठीतलं पाणी काढलं तर त्याचं वेगळं पडतं." त्यानं आकडा सांगितला. सुभद्रा त्याच पायरीवरून उतरली आणि उन्हातून चालत चिंचपोकळीला आली. पायांना चटके कळत नव्हते, तेवढी एक सोय होती.

त्या दिवशी तिनं नवऱ्याला पंगत उठायच्या आधीच गाठलं.

"तुमचा विम्याचा कारड हा ना? त्यार माका दाखवूक नेवा."

"ता माझ्या एकट्याचा," दत्ताराम म्हणाला. "गिरणीत काम करता त्याचा. बायलेचा नसता त्यात."

"पगारातसून पैशे कापतत ते खयचे? तुमी जेवतास त्या भातातलेच ना?"

"कायदोच तसो आसा, मी काय करू? जरा थांब. निवडणूक होवंदे. आपलो महाराष्ट्र झालो की कामगाराचा राज्य येतला, मग बायलेचा, पोरांचा, सगळ्यांचा होतला."

"तवसर माझे हात ऱ्हवतले?"

दत्तारामनं ताटातच हात धुतले आणि सभेला गेला. माणूस वाईट नव्हता. गोळीबाराच्या दिवसांत परळच्या नाक्यावर अनोळखी पोराला खांद्यावर टाकून त्यानं दवाखान्यात पोचवलं होतं. पण बायकोला दवाखान्यात पोचवायला गोळीबार लागतो की काय, असं सुभद्राला वाटलं, आणि ते तिनं भांडी घासता घासता मोठ्यानं बोलूनही दाखवलं.

नलू ऐकत होती. ती बोलायला उशीर लावणारी बाई नव्हती. तिनं ट्रंकेतून आपलं कार्ड काढून सुभद्राच्या पुढ्यात टाकलं.

"माझा घे."

"तुझा?"

"त्यार फोटो खय आसा? नाव आसा निस्ता. कारड झाला तवापसून कापतत, मी एक दिस आजारी पडाक नाय. माझो नंबर लालबागच्या डॉक्टर कोठाऱ्याकडे लावलेलो, तेना माझा तोंड बगूक नाय. तू जा नि सांग, मी नलिनी रघुनाथ, वायंडिंग खात्यात आसंय."

"आणि पकडल्यानी तर?"

"बायलांका कोण बगता, वयनी."

दोन दिवस नलूनं तिला शिकवलं. बॉबिनी कशा लावायच्या, धागा तुटला की गाठ कशी मारायची, देखरेख करणारी नायकीण कुठं उभी असते, सुट्टीचा भोंगा कधी होतो. सुभद्रानं सगळं पाठ केलं. आयुष्यात शाळा बघितली नव्हती, आणि आता दुखण्याची परीक्षा द्यायची होती.

डॉक्टर शरदचंद्र कोठारे पन्नाशीचे, गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, अंगात पांढराशुभ्र कोट आणि बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. विम्याच्या यादीवरचे बाकीचे डॉक्टर एका पेशंटला जेवढा वेळ देत त्याच्या पाचपट यांनी दिला. टाचणीनं बोटांपासून कोपरापर्यंत रेघ ओढत गेले आणि कुठे कळतं, कुठे कळत नाही ते कागदावर चित्र काढून दाखवलं. काचेच्या दोन नळ्यांत गरम आणि थंड पाणी घेऊन पायाला लावलं. तिला दोन्ही सारखीच.

"हे तळव्यावर भाजल्याचे डाग कसले?"

"घरात रांदताना."

"वायंडिंगमध्ये किती वर्षं?"

"तीन."

"मशिनीला तेल कसलं घालतात? सुताला काही औषध असतं? वास येतो?"

सुभद्रानं नलूनं शिकवलं तेवढं सांगितलं. त्यांनी बारीक अक्षरात सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

ती गडबडली. खरं सांगायचं म्हटलं तर एकोणीस जणांची पंगत सांगावी लागली असती. गिरणीत आठ तास उभी राहणारी बाई एकोणीस जणांचं रांधते कधी, हे या हुशार माणसानं लगेच विचारलं असतं. म्हणून ती नलू काय जेवते ते आठवायला लागली. ते तिला तोंडपाठ होतं, तीच वाढायची.

"भात, भाकरी, डाळ. मासळी रोज. आयतवारी मटण. कदी अंडी."

"उपास वगैरे?"

"नाय."

"म्हणजे खाण्यापिण्याचं काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्या ओळीवर त्यांनी काट मारली. "तुमच्या कामात काहीतरी आहे बाई. आपण शोधून काढू. आधी महारोगाची शंका काढून टाकू."

त्यांनी चिठ्ठी दिली, आणि त्या चिठ्ठीवर मोठ्या हॉस्पिटलात तिला रांगेशिवाय आत घेतलं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तेच हॉस्पिटल, तेच स्टूल, तीच हातोडी, पण आता नर्स "नलिनीबाई, बसा" म्हणत होती. सुभद्रा म्हणून गेली तेव्हा ती अडीच तास रांगेत उभीच होती. कानाच्या पाळीला ब्लेडनं चीर देऊन त्यांनी कातडी खरवडली, काचेवर लावली. दंडातून रक्त काढलं. एक दिवस पालथी निजवून पाठीच्या मणक्यात लांब सुई घातली आणि पाणी काढलं. त्यानंतर दोन दिवस तिला मान वर करता येईना. त्या दोन्ही दिवशी तिनं भिंतीला टेकून पंगती वाढल्या, कारण माणसं जेवायची थांबत नाहीत.

तीन आठवड्यांनी कोठारे डॉक्टर हसत म्हणाले, "महारोग नाही. रक्त स्वच्छ, पाठीतलं पाणी स्वच्छ. आता कारण शोधायचं."

सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचारलं, "ह्या कागदार लिवून देशाल?"

त्यांनी ताबडतोब लिहून दिलं. तो कागद छातीशी धरून ती चाळीचे दोन जिने चढली. अकराच्या पंगतीत वाचून दाखवायचा असं तिनं ठरवलं होतं. आता तेरा माणसं उरली होती, ती तरी राहतील. नलूची पाळी संपायची वाट न बघता तिनं शेजारच्या शिकलेल्या सुनंदाला कागद दाखवला. सुनंदानं वाचला. "नलिनी रघुनाथ यांना महारोग नाही," असं त्यात होतं. सुनंदानं वर बघितलं आणि म्हणाली, "पण नलूला तर काहीच झालं नव्हतं ना?"

सुभद्रानं कागद परत घेतला आणि घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला.

डॉक्टर कोठारे मात्र शोधत होते. त्यांना खरोखरच शोधायचं होतं, हीच पंचाईत झाली. त्यांनी गिरणीच्या लेबर ऑफिसरला पत्र लिहिलं की आपल्या वायंडिंग खात्यातल्या या कामगार बाईचे हातपाय बधिर होत आहेत, तरी तिथे कोणती तेलं आणि कोणती रसायनं वापरता ते कळवावं. सज्जन माणसाचं सरळ पत्र. गिरणीनं त्यातले 'हातपाय बधिर' एवढेच शब्द वाचले. सोमवारी सकाळी नलू फाटकाशी गेली तेव्हा दरवानानं तिला हाताला न धरता काठीनं बाजूला केलं.

नलू घरी आली तेव्हा सुभद्रा चुलीशी होती.

"माका भायर काढल्यानी," नलू म्हणाली. "सगळ्यांच्या मोरे. नायकिणीन माझी बॉबिन फडक्यात धरून भायर टाकल्यान. सांगतत डॉक्टराचो कागद आणल्याशिवाय पाय ठेवू नको."

रात्रपाळी असल्यामुळे दत्ताराम घरीच होता. त्याला सगळं तेव्हा कळलं. तो सुभद्रावर ओरडला, मग नलूवर ओरडला, आणि म्हणाला की उघड झालं तर दोघींना कोर्टात उभं करतील, समितीत त्याला तोंड दाखवता येणार नाही.

"तुमच्या तोंडाचा काय घेवन बसलास," सुभद्रा म्हणाली. "तिचा पोट गेला."

ती नलूला घेऊन त्याच दिवशी लालबागला गेली. नलूला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते तिला ठरवता येत नव्हतं. सुभद्राला ते कळत होतं. आपल्यामुळे झालं हेही कळत होतं. पण त्याहून जास्त तिला हे कळत होतं की आज नलू बरी ठरली की आपलं दुखणं संपलं. कागदावरून संपलं. हातात तसंच राहणार.

दवाखान्यात गर्दी ओसरली होती. नलू पुढे झाली आणि कार्ड टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी नाव वाचलं, वर बघितलं, पुन्हा नाव वाचलं.

"तुम्ही नलिनी?"

"व्हय."

त्यांनी तिचे हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. टाचणी लावली तशी नलू कळवळली आणि हात मागे घेतला. डॉक्टर दाराशी उभ्या असलेल्या सुभद्राकडे बघून म्हणाले, "हे ते हात नाहीत."

नलूनं आपले हात पदराखाली घेतले.

"तीन महिने," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा पुस्तकी आवाज पहिल्यांदा चढला. "तीन महिने मी त्या गिरणीतलं तेल शोधतो आहे. तीन वेगळ्या लोकांना पत्रं घातली. रात्री बसून पुस्तकं चाळली. आणि ही बाई वायंडिंगमध्ये कधी उभीच नव्हती. तुम्ही डॉक्टरशी खोटं बोललात, कळतं का तुम्हांला?"

सुभद्रा पुढे आली.

"कळता," ती म्हणाली. "मी माझ्या नावान गेललंय तेवा माझ्याशी कोण बोलाक नाय. घोवाचा कारड घोवापुरता. गिरगावच्या डॉक्टराची पायरीच माका पुरी पडली. तुमच्या कायद्यान माका आजारी पडूक जागाच ठेवक नाय, मगे मी खयच्या नावान आजारी पडू?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. नलूच्या कागदावर त्यांनी लिहिलं की तपासणी पूर्ण झाली, कोणताही आजार नाही, कामाला योग्य. शिक्का मारला. फाइल बंद केली.

"मी काही बघितलं नाही असं समजून जा. याहून जास्त मला करता येत नाही. कळवलं तर हिची नोकरी जाईल."

"आणि माझा काय? सुई माझ्या पाठीत घातलली. कान माझो कापललो."

"कागदावर तो कान हिचा आहे, बाई."

सुभद्रा हलली नाही. नलूनं तिचा दंड ओढला तरी हलली नाही. "कागद नको," ती म्हणाली. "माका तोंडान सांगा. काय झाला माका?"

डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं. खुर्चीवर, स्टुलावर नाही. "तुम्ही खरं काय काम करता?"

तिनं सांगितलं. एकोणीस माणसं, चार पंगती, बारा वर्षं.

"आणि जेवता काय? तुम्ही. ही नव्हे."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला सांगायची लाज वाटायला लागली. जन्मात कुणी हे विचारलं नव्हतं. "सकाळी चाय. मगे चाय. सगळ्यांचा झाला की टोपात काय ऱ्हवात ता. भात ऱ्हवता. मासळी ऱ्हवणा नाय, डाळ कदी ऱ्हवता."

"भात कोणता?"

"पांढरो. तीन पाण्यान धुवन."

"उपास?"

"सोमवार, गुरवार, शनवार. संकष्टी. हात गेले म्हणान वाढवले."

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नसांना जे लागतं ते तांदळाच्या कोंड्यात असतं, डाळीत असतं, मासळीत असतं," ते म्हणाले. "तुम्ही ते धुवून टाकता आणि उरलेलं दुसऱ्यांना वाढता. छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण बहुतेक हेच. मी विचारलं होतं तुम्हांला. पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"मी नलूचा सांगलंय."

"हो. मी त्यावर काट मारली."

त्यांनी आपल्या खाजगी कपाटातून सुईची औषधं काढली आणि रोज दुपारी येऊन टोचून घ्यायला सांगितलं, नाव न लिहिता. हातसडीचा तांदूळ, शेंगदाणे, डाळ, मासळी, उपास सगळे बंद. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर आणखी तपासायचं, आणि पडला तरी बोटं पूर्वीसारखी होतीलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. सुभद्रानं ऐकून घेतलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर नलू म्हणाली, "बरा झाला, वयनी. रगतपिती नाय." सुभद्राला बरं वाटलं नाही. तिला एवढा संताप आला होता की पुलाच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं. असाध्य रोग असता तर तिनं नशिबाला बोल लावला असता. एकोणीस माणसं तिच्यादेखत बारा वर्षं जेवून उठली होती, घरातली दोन माणसं जेवून उठली होती, आणि ती काय खाते ते विचारायला एक परका माणूस लागला होता. तोही खोट्या नावाखाली.

साडेतीनची पंगत बसायच्या बेतात होती. सात माणसं आली होती. भिंतीकडेनं पाट मांडून दत्तारामही बसला होता, कारण संध्याकाळी प्रचाराची फेरी होती. चुलीवर तारल्या मासळीचं झणझणीत तिखलं होतं. नलूनं सकाळी रडत रडत केलं होतं ते.

सुभद्रानं हात धुतले. एक ताट घेतलं. त्यात भात घातला, डाळ घातली, तारल्यांचे चार मोठे तुकडे घातले. माणसांनी ताटासाठी हात पुढे केले. ती त्यांच्यासमोरून ताट घेऊन गेली आणि मधल्या पाटावर बसली.

"ह्या काय?" दत्ताराम म्हणाला.

"जेवतंय."

"माणसां बसली हत, सुभद्रा. आधी त्यांका वाढ."

तिनं मान वर केली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण गॅलरीतल्या बायकाही ऐकायला थांबल्या. "आयका सगळ्यांनी. माका रगतपिती नाय. डॉक्टरान सगळा तपासल्यान, रगात काढल्यान, पाठीतला पाणी काढल्यान. माका भूक झाली हा. बारा वरसां तुमचा जेवाण करून माका भूक झाली हा. माझ्याकडे कागद नाय. ज्याका कागद होयो त्यान दुसरी खाणावळ बगूची."

दगडू नावाचा एक म्हातारा बोर्डर, जो पहिल्या वर्षापासून जेवत होता, त्यानं खाली मान घातली. बाकीचेही उठले नाहीत. दत्ताराम पाटावरून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. त्याच्या तोंडात काहीतरी आलं होतं, पण ते सभेतलं होतं आणि इथं चालण्यासारखं नव्हतं.

"तुमी उठलासच हा," सुभद्रा म्हणाली, "तर वाढा त्यांका."

गिरणीतल्या माणसांसमोर तो क्षणभर उभा राहिला. मग त्यानं वेळणी उचलली. पहिलंच ताट वाढताना निम्मा भात जमिनीवर सांडला. शेजारी रिकामं ताट घेऊन बसलेली नलू मदतीला उठणार होती, तिला सुभद्रानं डोळ्यानंच खाली बसवलं आणि आपल्या ताटातला एक तुकडा तिच्या ताटात टाकला.

मग तिनं घास घेतला. बोटांना भात कळत नव्हता, तारलं कळत नव्हतं, काटा टोचला तरी कळला नसता. म्हणून ती हाताकडे बघत बघत जेवत होती. एक घास सांडला, तो तिनं उचलून खाल्ला. ताट संपल्यावर तिनं ते दत्तारामच्या पुढे सरकवलं आणि आणखी भात वाढायला सांगितलं.